कोकणातले मुसलमान फौजेबरोबर आले नाहीत

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा सारांश असा: कोकणातले मुसलमान दिल्लीच्या सुलतानांच्या फौजांबरोबर आले, त्यांची संस्कृती उत्तरेकडची, भाषा उर्दू, आणि समुद्राशी त्यांचा संबंध मासळीपुरता. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी फौजेचं पाहू. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ साली. अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला ९१६ च्या सुमारास, आणि तिथे १०,००० मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं. त्यांच्यातले कित्येक इथेच जन्मलेले होते. राज्य राष्ट्रकूटांचं, म्हणजे एका हिंदू घराण्याचं होतं.

त्याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. ९२६ सालचा हा संस्कृत ताम्रपट सांगतो की राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार ‘मधुमति’ नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे मोहम्मद नावाच्या मुसलमानाकडे दिला होता. या माणसाने नदी ओलांडायला फुकट होड्या ठेवल्या, भात-कालवण-तूप वाढणारं अन्नछत्र काढलं आणि एका ब्राह्मणाच्या विनंतीवरून भगवतीच्या मठाला जमीन दिली. अरब गलबतांवर जकात मिळणाऱ्या बंदरात तोच माणूस राजाला सोयीचा वाटला असणार. हे वाचल्यावर ‘तलवारीच्या जोरावर’ हे शब्द कोणाच्या तोंडून निघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वस्ती कशी झाली, याचं उत्तर वाऱ्यात आहे. नैऋत्येच्या वाऱ्यावर आलेलं गलबत ईशान्येचे वारे सुटेपर्यंत परत फिरू शकत नसे. मग व्यापारी महिनोन्‌महिने बंदरात राहायचे, इथल्या बायकांशी लग्नं करायचे, आणि पुढची पिढी कोकणीच व्हायची.

संस्कृती उत्तरेकडची म्हणाल, तर सुन्नींमध्ये धर्मशास्त्राचे वेगवेगळे पंथ आहेत; उत्तरेतले बहुतेक सुन्नी हनफी पंथाचे आहेत, कोकणातले शाफई पंथाचे. भटकळ, मलबार, श्रीलंका, इंडोनेशिया, येमेन आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा, सगळीकडे प्रामुख्याने शाफईच. गलबतांच्या वाटेवरचीच ही गावं. फरक ताटातही दिसतो. हनफी मतात समुद्रातला मासा तेवढा चालतो, कोळंबीवरही वाद आहे. शाफईंना तिसऱ्या, कालवांची बरीच मोकळीक. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) याच परंपरेतले, आणि कुराणावरचं त्यांचं भाष्य अरबीत आहे.

भाषेबद्दल फार बोलायला नको. रायगड-रत्नागिरीतल्या मुसलमान घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते ती मराठीच्या कुळातली बोली. उर्दू आली ती मुख्यतः शाळा आणि मदरशांतून.

आणि फक्त मासळी? दाभोळ, चौल ही बंदरं आखाती घोड्यांच्या व्यापारावर मोठी झाली. या व्यापाराचा गळा आवळायला निघालेल्या पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळलं. पुढे मुंबईत १८०२ साली पूर्ण झालेली जामा मशीद उभी राहिली, तीही कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पैशातून.

सत्तेचा काहीच हात नव्हता, असं मी म्हणत नाही. बहमनी आणि आदिलशाही काळात काझींना वतनं मिळाली, बंदरांवर सुलतानांचे अधिकारी बसले. पण ते येईपर्यंत किनाऱ्यावरची ही वस्ती चारशेहून अधिक वर्षं जुनी झाली होती.