प्लँक्स्टी, आणि बॉईल गावचा जॉन रायली

आयरिश संगीत म्हटलं की आपल्याकडे गाडी यूटू आणि क्रॅनबेरीजपाशीच थांबते. फार तर पबमधला धांगडधिंगा. मी प्लँक्स्टी या आयरिश बँडचं नाव काढलं की समोरचा हळूच मोबाइलकडे बघायला लागतो. म्हणून आज सविस्तर लिहितेय. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

माणसं चार. क्रिस्टी मूर गाणारा, अँडी अर्विन मँडोलिनवर, डोनल लनी बुझुकी या तंतुवाद्यावर आणि लिअम ओ'फ्लिन पाइप्सवर. १९७१च्या उन्हाळ्यात किल्डेअर परगण्यातल्या प्रॉस्परस गावी, एका जुन्या घराच्या तळघरात, मूरच्या रेकॉर्डसाठी हे सगळे जमले. पुढच्याच वर्षी या चौघांचा बँड झाला.

१९७३ साली पहिली रेकॉर्ड आली. वेष्टण काळं, म्हणून चाहते तिला 'ब्लॅक अल्बम'च म्हणतात. तिच्यातलं पहिलंच गाणं, 'रॅगल टॅगल जिप्सी'. नवऱ्याचा वाडा, मऊ बिछाना सोडून जिप्सींमागे निघून गेलेल्या बाईची गोष्ट. मूर ती गातो, बुझुकी आणि मँडोलिन एकमेकांत गुंततात. आणि गाणं संपतंय असं वाटतं तोच पाइप्स पुढे होतात आणि सगळे मिळून 'तोर डम डो लॉव' या जुन्या हार्पच्या धुनेत शिरतात. एवढी वर्षं ऐकतेय, त्या सांध्यापाशी हातातलं काम अजूनही थांबतं.

हे पाइप्स पहिल्यांदा मला सनईच वाटले होते. आयरिश पाइप्स तोंडानं फुंकत नाहीत. एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली हवेची पिशवी. त्यांच्या भाषेत 'उलिन' म्हणजे कोपर, त्यावरूनच इलन पाइप्स. खाली सतत घुमणारे सूर, म्हणजे आपल्या तंबोऱ्याचं काम तिथंच झालेलं. ओ'फ्लिन हा नामांकित पाइपवादक लिओ राउसम यांच्याकडे शिकलेला, म्हणजे घराण्यातलाच म्हणा ना. वाजवताना चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.

बुझुकी तर ग्रीसची. जॉनी मॉयनिहाननं ती १९६०च्या दशकात आयर्लंडमध्ये रुजवली, आज ती आयरिश म्हणूनच ओळखली जाते. नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या भजनातली पेटी कुठून आली ते आठवावं.

पण सगळे वाद्यांचंच कौतुक करतात आणि माझी तक्रार तिथेच आहे. बॉईल गावात जॉन रायली नावाचा एक भटक्या जमातीतला गायक पडक्या घरात राहायचा. टॉम मनेली या संग्राहकानं त्याची गाणी टेपवर घेतली. १९६९मध्ये रायली गेला. वर सांगितलेलं जिप्सीचं गाणं मूरनं त्याच्याकडूनच उचललं. १९७३च्याच दुसऱ्या रेकॉर्डला नाव देणारं 'द वेल बिलो द व्हॅली'सुद्धा त्याचंच. विहिरीवर एक वाटसरू बाईकडे पाणी मागतो आणि बोलता बोलता तिनं पुरलेल्या सहा बाळांचा हिशोब मांडतो. बाप कोण, तर घरातलेच पुरुष. मूर ते बोधरान या आयरिश डफाच्या ठोक्यावर, आवाज न चढवता म्हणतो. इथं कोणी तानबाजी केली असती तर मी रेकॉर्ड बंदच केली असती.

पुढे नेहमीचंच, येणं-जाणं. लनीनं बँड सोडला, मूरनं सोडला, गायक पॉल ब्रेडी आला. त्याच्या काळातली एकही स्टुडिओ रेकॉर्ड नाही, ही हळहळ कायमची. १९७५ अखेर दुकान बंद. १९७९ला 'आफ्टर द ब्रेक'मधून परतले, त्यात चक्क एक बल्गेरियन नाच आहे, अर्विनच्या बाल्कन भटकंतीची कमाई. मला आवडतो, पण दाद द्यावी तेवढीच. अंगावर काटा नाही येत. १९८३ला पुन्हा पडदा. २००४ला चौघे डब्लिनच्या व्हिकर स्ट्रीट या सभागृहात परत जमले. २०१८मध्ये ओ'फ्लिन गेला, म्हणजे ते चौघे आता पुन्हा नाहीत.

प्लँक्स्टी ऐकून झालं की रायली ऐका. मनेलीच्या टेपांची रेकॉर्ड १९७८ला निघाली, 'बॉनी ग्रीन ट्री'. साथीला काही नाही. थकलेला आवाज, मध्ये मध्ये श्वास तुटतो, आणि तीच जिप्सीमागे गेलेली बाई.