‘गोळ्या आजच कचऱ्यात टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला एका औषधविक्रेत्याचं उत्तर

सध्या घरोघरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे व्यसन, बंद केल्या की त्रास होतो हाच पुरावा. सेरोटोनिनची थिअरी परदेशी शास्त्रज्ञांनीच खोटी ठरवली आहे. म्हणून गोळ्या आजच कचऱ्यात टाका, सात दिवस लिंबू-मधाचं पाणी आणि गुळवेलीचा काढा घ्या, शरीरातलं विष निघून जाईल. एकदम जमत नसेल तर एक दिवसाआड गोळी घ्या. सात दिवसांनंतरही त्रास राहिला तर तुमचं मनच कमकुवत.

माझं औषधाचं दुकान आहे. मेसेज वाचून गोळ्या सोडलेली माणसं आठवड्याभरात काउंटरवर येतात आणि चक्कर थांबवणारी गोळी मागतात. मी डॉक्टर नाही, कुणी किती डोस घ्यावा हे मी सांगणार नाही. पण मेसेजमधली वाक्यं एकेक करून तपासायला हरकत नाही.

‘बंद केल्या की त्रास होतो.’

हे खरं आहे, आणि ते आधी कबूल करायला हवं, कारण अनेकांना याच बाबतीत डॉक्टरांकडूनही उडवाउडवीची उत्तरं मिळाली आहेत. इमिप्रामिन हे अगदी सुरुवातीचं नैराश्यविरोधी औषध १९५७ च्या सुमारास आलं आणि १९५९ मध्येच ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या. तरीही डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेत २०१९ पर्यंत हा त्रास सौम्य असतो आणि साधारण आठवड्यात आपोआप जातो असंच म्हटलेलं होतं. रुग्णांनी आरडाओरडा केल्यावर ते वाक्य बदललं. काहींना तो तीव्र होतो आणि बराच काळ राहू शकतो, हे तेव्हा कुठे कागदावर आलं.

त्रास कसला? चक्कर, मळमळ, फ्लूसारखी अंगदुखी, झोप उडणं, भयंकर स्वप्नं, विनाकारण रडू किंवा चिडचिड. आणि एक खास लक्षण, जे दुसऱ्या आजारात सहसा ऐकू येत नाही. दुकानात एक ताई म्हणाल्या, ‘भाऊ, डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात करंट बसतो.’ त्यांना घरी कुणी खरं मानत नव्हतं. हा करंट जगभरातले रुग्ण जवळपास याच शब्दांत सांगतात, तोही बहुधा डोळे बाजूला वळवतानाच.

किती जणांना होतो? २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. औषध थांबवलेल्यांपैकी साधारण ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षण जाणवलं. पण नकली गोळी (तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली) थांबवलेल्यांपैकीही १७ टक्क्यांना जाणवलं. म्हणजे निव्वळ औषध थांबल्यामुळे त्रास झालेले सहा-सात जणांत एक, आणि तीव्र त्रास झालेले सुमारे ३५ जणांत एक. या आढाव्यावर टीकाही झाली: त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत माणसांनी औषध काही आठवडे किंवा महिनेच घेतलेलं होतं, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं. मला ही टीका रास्त वाटते. तरी ‘सगळ्यांचीच वाट लागते’ आणि ‘कुणाला काही होत नाही’ ही दोन्ही टोकं चूक, एवढं त्यातून नक्की निघतं.

‘म्हणजे हे व्यसनच.’

नाही. व्यसनात तलफ येते, मात्रा वाढवत न्यावी लागते, मिळवण्यासाठी माणूस खोटं बोलतो. एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीची जादा स्ट्रिप मिळावी म्हणून माझ्याकडे कुणी गयावया केलेली नाही. उलट लोक विसरतात, टाळतात, अर्धीच नेतात. शरीर एखाद्या औषधाला सरावणं ही निराळी गोष्ट. रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल एकदम बंद केलं तर छातीत धडधड वाढते, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर माणूस कोसळू शकतो. ही औषधं घेणाऱ्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही.

पण इथे एक मोठी मेख आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती ठाऊकच नाही. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घातलेल्या स्ट्रिपा भरपूर खपतात. पुढच्या बाजूला ब्रँडचं नाव, बऱ्याचदा शेवटी ‘प्लस’, आणि आत काय आहे ते मागच्या चंदेरी बाजूला भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. क्लोनाझेपाम हे झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांच्या गटातलं. याची सवय लागते, आणि काही महिने रोज घेऊन झटक्यात बंद केलं तर फिट येऊ शकते. ज्याच्या हातात ही जोडगोळी आहे त्याने मेसेज वाचून ती कचऱ्यात टाकली, तर त्याने एक नव्हे, दोन औषधं एकाच रात्री थांबवली. म्हणून सोडायचा विचार मनात आला की पहिल्यांदा स्ट्रिप उलटी करून बघा. वाचता येत नसेल तर कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारा, एवढं तो सांगतो.

‘सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली.’

जुलै २०२२ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी मोठा आढावा प्रसिद्ध केला: सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) कमी असल्यामुळे नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा नाही. हे बरोबर. पण नैराश्याचं कारण काय आणि गोळीचा उपयोग होतो का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. ताप पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे येत नाही, तरी पॅरासिटामॉलने उतरतो. गोळीचा उपयोग किती, यावर तज्ज्ञांत खडाजंगी चालू आहे आणि ती चालू राहो. गंमत अशी की ज्या मॉनक्रीफबाईंचा दाखला मेसेजमध्ये दिला जातो, त्या स्वतः बजावून सांगतात की गोळ्या एकदम थांबवू नका. तेवढं वाक्य फॉरवर्ड करताना गळलं.

‘सात दिवस काढा प्या, विष निघून जाईल.’

सगळ्यात उलटं वाक्य हेच. त्रास औषध शरीरात साठून राहिल्यामुळे होत नाही, ते निघून गेल्यामुळे होतो, आणि ते जितक्या वेगाने जातं तितका जास्त होतो. डिप्रेशनच्या वेगवेगळ्या गोळ्याच बघा. रक्तातलं व्हेन्लाफॅक्सिन सुमारे ५ तासांत निम्मं होतं, त्यापासून शरीरात बनणारं सक्रिय द्रव्य ११ तासांत. पॅरोक्सेटिनला साधारण २१ तास लागतात, एस्सिटालोप्रामला ३०च्या आसपास. फ्लुऑक्सेटिन मात्र त्याच्या सक्रिय द्रव्यासह आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. आता कोणती गोळी सोडताना लोक सर्वांत जास्त हैराण होतात? व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन. कमीत कमी त्रास कुणाचा? फ्लुऑक्सेटिनचा. विष साठल्यामुळे त्रास होत असता तर हा क्रम नेमका उलटा असता. व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्या काहींना तर सकाळची गोळी संध्याकाळपर्यंत लांबली तरी गरगरायला लागतं. त्यामुळे काढ्याने काही ‘बाहेर काढायचं’ शिल्लकच नसतं.

लिंबूपाणी प्या, त्याने काही बिघडत नाही. गुळवेलीबद्दल मी जरा सावध असतो. कोविडकाळात ती नियमित घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली, वाद झाला. घेणार असाल तर निदान डॉक्टरांच्या कानावर घाला.

‘जमत नसेल तर एक दिवसाआड घ्या.’

हा सल्ला ऐकायला समजूतदार वाटतो, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरही तो देतात. वरचे तास पुन्हा बघा. एस्सिटालोप्राम दोन दिवसांत एक तृतीयांशावर येतं, पॅरोक्सेटिन त्याहून खाली. म्हणजे एक दिवस औषध, एक दिवस तुटवडा, असा झोका रोज चालू. फ्लुऑक्सेटिनला हे चालून जातं, बाकीच्यांना नाही. रोज घ्यायचं, पण कमी घ्यायचं, हा रस्ता बरा.

तरी त्यातही एक खाचखळगा आहे. लोकांना वाटतं, २० वरून १०, १० वरून ५, ५ वरून बंद: किती सुबक उतरण. २०१९ मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी दाखवलं की मेंदूवरचा परिणाम असा सरळ उतरत नाही. (हॉरोविट्झ तेव्हा स्वतः मानसोपचार शिकणारे डॉक्टर, आणि स्वतःची गोळी सोडताना पार गळपटले होते.) सिटॅलोप्राम या डिप्रेशनच्या गोळीचंच बघा. ६० मिलिग्रॅमला सेरोटोनिनचे वाहक (मेंदूत ही गोळी ज्यांच्यावर जाऊन बसते ते) सुमारे ८८ टक्के व्यापलेले असतात, २० ला ८० टक्के, ९ ला ७०, आणि ५ च्या थोडं वर ६०. म्हणजे ६० वरून २० वर आलात, चाळीस मिलिग्रॅम कमी केले, तरी मेंदूला फरक आठ टक्क्यांचा. आणि शेवटची ‘एवढीशी’ ५ ची गोळी सोडलीत तर एकाच पायरीत जवळजवळ साठावरून शून्यावर. दुकानात ऐकलेलं ‘आता काय, सगळ्यात कमी पॉवरचीच तर उरली होती’ हे वाक्य याचमुळे फसवं.

म्हणून २०२२ च्या ‘नाइस’ मार्गदर्शिकेत आधीच्या डोसचा ठरावीक हिस्सा टप्प्याटप्प्याने कमी करत जायला सांगितलं आहे, शेवटाकडे पायऱ्या लहान लहान. कुणाचं काही आठवड्यांत होतं, कुणाला महिने लागतात. नेदरलँड्समध्ये यासाठी रोजचा डोस किंचित उतरत जाणाऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या मिळतात. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून गोळी कापायचं साधन किंवा औषधाचं द्रवरूप मिळतं का हे डॉक्टरांना विचारावं लागतं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल मात्र घरी फोडू-कुटू नयेत, सगळा डोस एकदम सुटतो.

‘सात दिवसांनंतरही त्रास? मन कमकुवत.’

यावर फार बोलायची इच्छा नाही. फरक कसा ओळखायचा, ते सांगतो. गोळी कमी केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालेला, करंट-चक्कर-मळमळ घेऊन आलेला, आणि आधीच्या डोसवर परत गेल्यावर काही दिवसांत ओसरणारा त्रास बहुधा औषध थांबल्याचा. आठवडे-महिन्यांनी हळूहळू उतरलेली, कशातच रस नसण्याची जुनी ओळखीची कळा बहुधा आजाराची. आणि आजार परत येतो, हेही मेसेजमध्ये नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत दीर्घकाळ गोळी घेऊन बरे वाटणारे ४७८ जण होते. वर्षभरात गोळी सोडलेल्यांपैकी ५६ टक्के पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे सोडूनही बरेच जण ठीक राहिले आणि घेऊनही काही घसरले. प्रत्येकाने सोडलीच पाहिजे असं यातून निघत नाही, जन्मभर घेतलीच पाहिजे असंही नाही.

सोडायचं ठरलं असेल तर घरात लग्न, परीक्षा किंवा घर बदलणं नसलेला काळ निवडा. डोस कधी कमी केला आणि कसं वाटलं ते कॅलेंडरवरच लिहा. गरगरत असताना दुचाकी काढू नका, झोपेसाठी दारू तर मुळीच नको. घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा, चिडचिड झाली तर त्याला कारण माहीत असलेलं बरं. त्रास झेपेना तर पुढची पायरी लांबवा किंवा डॉक्टरांना विचारून एक पायरी मागे जा. गरोदर असाल तर घाबरून त्याच दिवशी बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

फिट आली, डोळ्यासमोर नसलेलं दिसायला लागलं किंवा जीव द्यावासा वाटला तर वाट न बघता दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ वर चोवीस तास, मराठीतूनही चालते. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, शेवटची गोळी कधी घेतली.