मला 'पर्यटक' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

अमेरिकेतल्या मेरीलँडच्या राज्यचिन्हांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "खेकडा, होडी, केक ही पर्यटकांसाठी रंगवलेली पाटी आहे आणि तुम्ही ती पर्यटकाच्याच नजरेनं वाचलीत. झेंड्यातला लाल-पांढरा भाग यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचे लोक मिरवत, ते सोयीस्कर गाळलंत. स्किपजॅकचं सालही चुकलंय."

साल चुकलंय, मान्य. स्किपजॅक, म्हणजे कालवं काढायची शिडाची होडी, राज्याची होडी ठरली 1985मध्ये, माझ्याकडून 1958 पडलं. दुरुस्त केलंय, आभार. पण दोन आकडे उलटे पडले म्हणून इतका खवचट सूर?

आता 'पर्यटक'. मी मूळची मालवणची, कुर्ल्या फोडतच वाढले. या राज्यात 21 वर्षं राहतेय. पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या आजींनी अंगणातल्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली, लाल मसाला लावून वाफवलेले खेकडे त्यावर ओतले आणि माझ्या हातात लाकडी हातोडी दिली. पोटाखालची झडप कशी ओळखायची तेही दाखवलं: नराची वॉशिंग्टन स्मारकासारखी निमुळती, पुऱ्या वाढलेल्या मादीची कॅपिटलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, घुमटासारखी. हे त्या बाई कुठल्या पर्यटन खात्याच्या पत्रकात वाचून शिकल्या नव्हत्या. निळ्या खेकड्याला कायद्यानं राज्यचिन्हाचा मान दिला 1989मध्ये. चेसापीक खाडीच्या काठची माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच्यावर घर चालवत आली आहेत.

स्किपजॅक तरी शोभेची होडी आहे का? तळाची कालवं खरवडून काढायची तर शिडाच्याच होडीनं, असा नियम मेरीलँडनं 1865 साली केला, कालवं संपू नयेत म्हणून. 1967मध्ये आठवड्यातले दोन दिवस शिडाच्या होडीला मागून ढकलणारी मोटरबोट लावायला परवानगी मिळाली, तोवर हे सगळं वाऱ्याच्या भरवशावर चालायचं. म्हणून इथं शिडं टिकली. थंडीत त्या डेकवर उभ्या राहिलेल्या माणसाला जाऊन सांगा, ही रंगवलेली पाटी आहे म्हणून! आणि 2008मध्ये राज्याचं मिष्टान्न ठरलेला पातळ थरांचा केक ज्या स्मिथ बेटाचा, तिथं आजही होडीनंच जावं लागतं. तिथल्या बायका तो पिढ्यान् पिढ्या घरी करत आल्या आहेत.

राहिला झेंडा. क्रॉसलँड घराण्याच्या लाल-पांढऱ्याचा तो इतिहास मलाही ठाऊक आहे. मेरीलँड वसवणाऱ्या कॅल्व्हर्ट घराण्याचं काळं-सोनेरी शेजारी घेऊन 1904मध्ये झेंडा ठरला. दक्षिणेची बाजू घेणारं राज्यगीतही 2021मध्ये रद्द झालं. माझा लेख खाडीवर जगणाऱ्या माणसांचा होता, युद्धाचा नव्हता, इतकंच उत्तर पुरे.

झेंड्यावर तुम्ही स्वतंत्र लिहा, मी जरूर वाचेन. पण जिथं संसार केला, मुलं वाढवली, तिथं मला पर्यटक म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. तो शब्द तेवढा मागे घ्या.