नागपुरात उणे ४०

भाच्याचं लग्न वर्ध्याला, मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि वर्धा रोडवर सिग्नलला बंद केलेली गाडी परत सुरूच होईना, झाली तेव्हा मागे काळा धूर, पेट्रोलचा भपकारा आणि समोर तो इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. खाली उतरून बोनेट उघडलं. बघून काही कळत नाही हे माहीत असतं, पण बायको बघत असते म्हणून बघायचं असतं.

कसंबसं गॅरेज गाठलं. पोरानं स्टिअरिंगखाली स्कॅनर खोचला, मोबाईल बघितला आणि हसायलाच लागला. "भाऊ, तुमच्या इंजिनचं पाणी उणे ४० हाय." उणे ४०, म्हणजे सेल्सियस घ्या की फॅरनहाइट, आकडा तोच, कुठूनही दिलासा नाही!

भानगड अशी की कूलंटचा, म्हणजे त्या पाण्याचं तापमान सांगणारा, सेन्सर जितका थंड तितका त्याचा रेझिस्टन्स जास्त, वायरच तुटली की रेझिस्टन्स अफाट, मग कॉम्प्युटरला वाटतं गाडी सियाचीनला आहे. आणि थंडीत आपण स्कूटरला चोक द्यायचो तसा हा जास्तीचं पेट्रोल ओततो. एरवी हाच पठ्ठ्या ३,००० आरपीएमला एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा, दर वेळी काही मिलिसेकंदच, पेट्रोल फवारतो, तेही १ ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा असा सोनाराच्या काट्याचा हिशेब धरून, आणि बोटभर सेन्सरनं थाप मारली की झालं, सगळं अंदाजपंचे. बरं, संशय त्यालाही आलेला, म्हणून दिवा लावला आणि इंजिन तापू नये म्हणून रेडिएटरचा पंखा फुल सोडला. म्हणजे एकीकडे थंडी वाजते म्हणून पेट्रोल, दुसरीकडे पंखा. स्वेटर घालून कूलरपुढे बसलेला माणूस मी आजवर बघितला नव्हता, तो बोनेटखाली निघाला.

वायर उंदरानं कुरतडली होती. जोडायला दहा मिनिटं, कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसायला एक मिनिट, आणि पैसे जास्त त्या एका मिनिटाचे (ते पोरगं लांब जाणार).

मग त्यानं बॅटरीच्या बाजूला हात घालून उंदराचा संसार बाहेर काढला: चिंध्या, कापूस आणि अर्धा शंकरपाळा. बायकोनं तो हातात घेऊन नीट निरखला.

"अहो, हा आपल्याच घरचा आहे. दिवाळीचा. पिशवी डिकीतून काढलीत ना म्हणाला होतात?"

वर्ध्यापर्यंत एसी चालू होता, पण गाडीतलं तापमान पहिल्यांदाच स्कॅनरशी जुळलं.