खड्ड्यात कोण ढकलतंय? एका प्रतिक्रियेला उत्तर

गेम मॉडिंगची, म्हणजे तयार खेळात आपले बदल (मॉड) घालण्याची, सुरुवात कशी करावी, यावर मी मागे लिहिलं होतं. उदाहरणाला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ घेतला होता, कारण तो साध्या लॅपटॉपवर चालतो आणि त्याच्या मॉडांची व्यवस्था नीट लावलेली आहे. त्या लेखाखाली टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. प्रतिक्रिया अशी (तिच्यातला मॉड मॅनेजर म्हणजे मॉड आपोआप जागेवर बसवणारा प्रोग्राम):

"लेख ठीक. पण मॉड मॅनेजर उपलब्ध असताना नवशिक्याला हाताने फाईली टाकायला शिकवणं म्हणजे त्याला मुद्दाम खड्ड्यात ढकलणं आहे. व्हायरसबद्दल एक ओळ नाही, दुसऱ्याच्या मॉडमधली चित्रं वापरायच्या परवानगीबद्दल एक ओळ नाही. स्वतः मॉड बनवायचा भाग उरकून टाकलाय. माझ्या भाच्याने तुमचं वाचून केलं आणि त्याचं शेत गेलं. नागपुरात अजून सीडीचाच जमाना चालू आहे वाटतं."

आधी शेवटच्या वाक्याचं बघू. काहून भाऊ? त्या लेखात नागपूरचा उल्लेखसुद्धा नव्हता. म्हणजे तुम्ही 'माझ्याविषयी' हे पान उघडलंत, मी कुठला ते पाहिलंत आणि परत येऊन ते वाक्य जोडलंत. एवढी मेहनत मॅनेजरबद्दलच्या तुमच्या मताला आधार द्यायला घेतली असती तर मलाही उत्तर देताना मजा आली असती. असहमत व्हा, रोज व्हा. पण 'मुद्दाम' हा आरोप आहे. मी कोणाला मुद्दाम काय करतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तर चर्चा कशावर करायची?

आता सीडीचा विषय तुम्हीच काढलात तर ऐका. होता बाप्पा सीडीचा जमाना, आणि मी त्यात होतो. सक्करदऱ्याला माझ्या मावसभावाचं सायबर कॅफे होतं आणि कॉलेजची दोन-तीन वर्षं मी संध्याकाळी तिथे बसायचो. बर्डीच्या फुटपाथवरून 'क्रिकेट ०७' या गेमच्या पॅचच्या, म्हणजे नव्या जर्सी-चेहरे घालणाऱ्या फाईलींच्या, सीड्या यायच्या. खेळ २००६ च्या नोव्हेंबरमधला, आयपीएल सुरू झालं २००८ मध्ये, त्यामुळे धोनीला पिवळ्या जर्सीत बघायचं तर पॅचशिवाय इलाज नव्हता. त्या सीडीत एक सेटअप असायचा. दोनदा क्लिक केलं की तो जुन्या फाईलींवर नव्या बसवून मोकळा व्हायचा. कुठे काय बसवलं, हे सांगायचा नाही. मग दुसरा पॅच टाकला की पहिल्या पॅचच्या जर्सी आणि दुसऱ्याचे चेहरे असा खिचडी संघ मैदानात उतरायचा, नाहीतर टॉसच्या आधीच गेम बंद. पोट्टे माझ्याकडे यायचे: भाऊ, गेम खुलून नाही राहिला.

लक्षात घ्या, त्या पोट्ट्यांनी हाताने काहीच टाकलेलं नसायचं. सगळं एका क्लिकमध्ये झालेलं असायचं. दुरुस्त करणारा मी, आणि मला ते जमायचं कारण कुठल्या फोल्डरमध्ये कुठली फाईल असते हे मी एकेक उघडून पाहिलं होतं. एरवी गेम काढा आणि पुन्हा टाका, आणि मध्येच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमचं नागपूरचं जामठ्याचं स्टेडियम त्या खेळात नव्हतं, कारण तिथली पहिली कसोटीच २००८ च्या नोव्हेंबरात झाली. मी एका परदेशी मैदानाच्या जाहिरात फलकांचं चित्र बदलून त्यावर जामठा लिहिलं होतं. कुरूप होतं ते, पण कॅफेत आठवडाभर सगळे तिथेच खेळले. एका क्लिकच्या सीडीतून हे कधी शिकलो नसतो.

म्हणून तुमच्या त्या मॅनेजर आणि खड्ड्याच्या वाक्यावर मी जरा थांबणार आहे.

'हाताने टाकणं' आणि 'मूळ फाईल पुसून तिच्या जागी नवी बसवणं' या दोन गोष्टी तुम्ही एक धरल्यात. माझ्या लेखात पहिली आहे, दुसरी नाही. स्टारड्यूसाठी पूर्वी एक्सएनबी प्रकारचे मॉड चालायचे. त्यात खेळाच्या कंटेंट फोल्डरमधली फाईल काढून तिथे आपली ठेवायची. खेळाचं अपडेट आलं की सगळं कोसळायचं आणि दोन मॉडांना एकच फाईल हवी असेल तर एकच जिंकायचा. तो खड्डा होता, मान्य. आज आपण काय करतो? आधी स्मॅपी हा मॉड चालवणारा प्रोग्राम बसवतो, त्याचा स्वतःचा इन्स्टॉलर आहे. तो मॉड्स नावाचं फोल्डर तयार करतो. मॉडची झिप तिथे उघडायची आणि गेम स्मॅपीतून सुरू करायचा. मूळ फाईलींना हातही लागत नाही. मॉड नको झाला? ते फोल्डर बाहेर काढा, संपलं. यात मुलगा कुठल्या खड्ड्यात पडला, मला दाखवा.

आणि ही काही माझी नागपुरी युक्ती नाही. १९९३ च्या 'डूम' या खेळात हेच तत्त्व होतं. इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्राम, वेगळं, नकाशे-चित्रं-आवाज वेगळ्या वॅड फाईलीत. लोकांनी आपले नकाशे आपल्या वॅडमध्ये केले आणि सुरू करताना '-फाईल' लिहून त्या वॅडचं नाव दिलं. मूळ वॅड तशीच राहायची. मॅनेजर नव्हता, आणि तरी त्या पिढीतून किती गेम डिझायनर निघाले ते तुम्ही शोधा. 'काउंटर-स्ट्राइक' १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ'चा मॉड म्हणूनच आला होता, विकत घ्यायचा स्वतंत्र खेळ तो नंतर झाला.

मॅनेजर काय करतो ते तुम्हाला माहीत असेलच, तरी वाचकांसाठी सांगतो. व्हॉर्टेक्स नावाचा मॅनेजर मॉड आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि तिथून खेळाच्या फोल्डरमध्ये हार्डलिंक करतो, म्हणजे तीच फाईल दोन्ही जागी दिसते. हार्डलिंक डिस्कच्या एकाच भागात (पार्टिशनमध्ये) होते. आपल्याकडे दुकानदार लॅपटॉप देतानाच सी आणि डी असे भाग पाडून देतो. खेळ डीवर, व्हॉर्टेक्सचं फोल्डर सीवर, की झालं, पहिल्याच दिवशी इंग्रजीत लाल इशारा. मॉड ऑर्गनायझर टू हा दुसरा मॅनेजर त्याच्याही पुढचा. तो फाईली खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवतच नाही, खेळाला फक्त तसं भासवतो. नवशिका खेळाचं डेटा फोल्डर उघडतो तर आत त्याचा मॉड नाही. मॉड बनवायचा एडिटर बाहेरून उघडला तर त्यालाही तो दिसत नाही, एडिटर मॉड ऑर्गनायझरमधूनच उघडावा लागतो. हे सगळं उत्तम आहे, हुशार लोकांनी केलंय. पण फाईल असते कुठे हेच ज्याला माहीत नाही, त्याला 'फाईल असल्याचा भास' समजावून सांगा बरं. मी दोघा-तिघांना सांगून पाहिलंय. मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारतात.

घरात मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेल्या माणसाने इलेक्ट्रिशियन बोलावणं आणि माहीत नसलेल्याने बोलावणं, यात फरक असतो. मी मुलांना आधी स्विच दाखवतो.

दुसरं कारण तुमच्या लक्षातच आलेलं दिसत नाही. माझा लेख मॉड *टाकण्यापुरता* नव्हता, *बनवण्याकडे* नेणारा होता. 'व्हाइस सिटी' या गाड्या पळवायच्या खेळाच्या डेटा फोल्डरमध्ये हँडलिंग नावाची साधी मजकुराची फाईल आहे. गाडीचं वजन, वेग, ब्रेक, सगळे आकडे ओळीने, आणि कुठला आकडा कशाचा हे वरच लिहिलेलं. नोटपॅडमध्ये वजन वाढवून खेळ सुरू केला आणि समोरच्या गाड्या खेळण्यासारख्या उडाल्या, तेव्हा मला कळलं की खेळ म्हणजे कोणीतरी लिहिलेले आकडे आहेत आणि ते मलाही लिहिता येतात. (मूळ फाईलीची प्रत आधी बाजूला ठेवलेली होती. कॅफेने तेवढं शिकवलं होतं.) स्टारड्यूत तीच जागा कंटेंट पॅचर हा मॉड घेतो, त्याला काय बदलायचं ते साध्या मजकुरात लिहून द्यायचं. एका फोल्डरमध्ये दोन फाईली: मॅनिफेस्टमध्ये मॉडचं नाव, आवृत्ती आणि तो कोणावर अवलंबून आहे ते, कंटेंटमध्ये काय बदलायचं ते. खेळातल्या अ‍ॅबिगेल नावाच्या पात्राच्या संवादांची फाईल हे लक्ष्य, एडिटडेटा ही कृती, आणि खाली आपलं वाक्य. खेळाच्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, त्यामुळे 'काय म्हणता राजेहो' रोमन लिपीत लिहावं लागतं. तरी ते वाक्य तिच्या तोंडून आलं की मुलगा तासभर उठत नाही. स्वल्पविराम विसरला तर स्मॅपीच्या खिडकीत लाल ओळ येते. ती वाचायला शिकला की निम्मं मॉडिंग आलं.

ज्याने मॉड्स फोल्डर कधी उघडलंच नाही, त्याला हे कुठे करायचं ते कोण सांगणार? मॅनेजर?

एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर म्हणाल हा ऐकतच नाही. 'स्कायरिम'सारख्या मोठ्या खेळात शेकड्याने मॉड घालायचे असतील तर मॅनेजर हवाच. तिथे एकाच चित्रावर चार मॉड भांडतात, कोण कोणानंतर येतं यावर सगळं ठरतं आणि पूर्ण आकाराच्या प्लगइनची (मॉडच्या मुख्य फाईलीची) मर्यादा अडीचशेच्या घरात आहे. हाताने ते करणारा एकतर संत किंवा बेरोजगार. पण माझा लेख स्कायरिमचा नव्हता. आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट आलं, तेव्हा स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (मॉडांना खेळात जास्त काही करू देणाऱ्या जोडप्रोग्रामवर) चालणारे असंख्य मॉड एका दिवसात बंद पडले. कोणाचा मॅनेजर धावून आला? ज्यांना एक्स्टेंडर म्हणजे काय आणि तो खेळाच्या ठरावीक आवृत्तीलाच का बांधलेला असतो हे माहीत होतं, त्यांनी स्टीमवर, म्हणजे जिथून खेळ विकत घेऊन चालवतात त्या ॲपवर, 'खेळ सुरू करतानाच अपडेट कर' हा पर्याय आधीच लावून ठेवला होता आणि खेळ स्टीमऐवजी एक्स्टेंडरमधून उघडला.

बाकीचं पटकन.

व्हायरस: २०२३ च्या जूनमध्ये माइनक्राफ्ट या खेळाच्या मॉडांमधून फ्रॅक्चरायझर हा व्हायरस पसरला, तो कर्सफोर्ज आणि बुकिट या नावाजलेल्या जागांवरूनच. मॅनेजरने तो उतरवला काय आणि हाताने उतरवला काय, सारखंच.

परवानगी: बहुतेक मॉडांच्या पानावर लिहिलेली असते. वाचता येतं ना सगळ्यांना.

बनवायचा भाग उरकला म्हणता. पहिल्या लेखात सी-शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला बसलो असतो तर तुम्हीच म्हणाला असता की नवशिक्यांना घाबरवतो.

आता भाचा. हे तुम्ही शेवटून दुसरं लिहिलंत, माझ्या मते पहिलं लिहायला हवं होतं, कारण अडचणीत तो आहे, तुम्ही नाही. स्मॅपीसोबत सेव्ह बॅकअप नावाचा छोटा मॉड आपोआप बसतो. खेळाच्या फोल्डरमध्ये सेव्ह-बॅकअप्स नावाचं फोल्डर शोधा. तो रोजची एक प्रत अशा शेवटच्या १० प्रती ठेवतो. खेळ बंद करा, मॉड टाकायच्या आधीच्या तारखेची प्रत उघडा आणि आतलं शेताच्या नावाचं फोल्डर विंडोजच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरमधल्या स्टारड्यूच्या सेव्ह्ज फोल्डरमध्ये ठेवा. तिथलं सध्याचं फोल्डर पुसू नका, डेस्कटॉपवर हलवा. शेत यादीत दिसतंय पण वस्तूंच्या जागी 'एरर आयटम' येतोय, असं असेल तर शेत गेलेलं नाही. ज्या मॉडमधून त्या वस्तू आल्या तो काढून टाकलेला आहे, परत ठेवला की वस्तू परत येतात. माझा अंदाज हाच आहे, पण तुम्ही 'शेत गेलं' याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. खेळाची आवृत्ती कुठली, मॉड कुठला, शेत दिसतच नाही की उघडत नाही, काही नाही. टोमण्याला मात्र पूर्ण ओळ.

स्मॅपीच्या संकेतस्थळावर लॉग, म्हणजे खेळ चालताना काय घडलं त्याची नोंद, चढवायची सोय आहे, तिथून दुवा मिळतो. भाच्यालाच सांगा, तो पाच मिनिटांत करेल. दुवा इथे टाका, मी बघतो. लॉगशिवाय आलेल्या 'गेलं, बिघडलं, बंद पडलं'ला इथून पुढे उत्तर देणार नाही, मग लिहिणारा पुण्याचा असो नाहीतर आमच्या नागपूरच्या महाल भागातला.