जाड जॅकेटवाल्या मेसेजला उत्तर

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी, मांज्याने कापलेल्या बोटांवर हळद लावत बसलो होतो, तेवढ्यात पतंगवाल्या ग्रुपवर तो मेसेज आला. रात्री तोच मामेभावाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळी आईने मला वाचून दाखवला, म्हणजे बडोद्यातलं वर्तुळ पूर्ण झालं. काईटसर्फिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने फळीवर (बोर्डवर) उभं राहून पाण्यावर धावायच्या खेळाला जाणाऱ्यांसाठी म्हणे पाच सूचना. एक, इम्पॅक्ट व्हेस्ट (पाण्याचा मार झेलणारी फोमची बंडी) म्हणजे लाइफ जॅकेटच, फक्त महाग. दोन, जॅकेट जितकं जाड तितकं सुरक्षित, बोटीवरचं नारिंगी सगळ्यात उत्तम. तीन, चांगलं व्हेस्ट घातलं की उंचावरून पडलात तरी काही होत नाही. चार, पाणी लागताच आपोआप फुगणारं मिळतं, तेच घ्या. आणि पाच, पोहता येत असेल तर या कशाचीच गरज नाही. (दुसरी आणि पाचवी सूचना एकाच माणसाने एकाच दमात कशी लिहिली, हे मला अजून उमगलेलं नाही.)

आमच्याकडे पाण्याबद्दलचा मेसेज इतक्या झटक्यात का फिरतो ते सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तेव्हापासून कोणी साध्या सहलीला निघालं तरी दारातून विचारतात, जॅकेट घालशील ना? तो प्रश्न योग्यच आहे. पण बोटीत बसणाऱ्याला पाण्यात पडायचंच नसतं. पडलाच तर निपचित तरंगत राहावं आणि कोणीतरी येऊन काढावं, एवढ्यासाठी ते जॅकेट असतं. काईटसर्फर तासाला वीसदा पडतो, आणि पडल्यावर त्याला बरीच कामं असतात. दोघांना एकच जॅकेट कसं चालेल?

पहिल्या सूचनेसाठी मी वाद न घालता गच्चीवर गेलो. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाण्याचं एक निळं पिंप आहे. माझं इम्पॅक्ट व्हेस्ट त्यात बुडवून, दाबून दाबून आतली हवा काढली, नीट भिजू दिलं आणि खाली तीन किलोचं लोखंडी डंबेल बांधलं. तरंगलं. मग पाच किलोचं बांधलं. व्हेस्ट दोन क्षण विचारात पडलं आणि शांतपणे तळाशी गेलं. आता हिशेब असा: लोखंड पाण्यात साधारण आठव्या हिश्शाने हलकं होतं, म्हणजे पाच किलोचं डंबेल पाण्यात सव्वाचार-साडेचार किलोचा भार देतं. जोर मोजतात न्यूटनमध्ये, आणि एक किलोचा भार म्हणजे जवळपास दहा न्यूटन. माझ्या व्हेस्टची उचल म्हणजे पंचवीस न्यूटनच्या वर, पण पंचेचाळीसच्या आत.

लाइफ जॅकेटांसाठी आयएसओ १२४०२ नावाचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्याच्या पाचव्या भागात पोहता येणाऱ्यांसाठीचं तरंगतं जॅकेट येतं. सत्तर किलोवरच्या माणसासाठी त्याची उचल किमान ५० न्यूटन लागते. त्यावर १०० न्यूटनचं, मग १५० चं. बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवण्याची अपेक्षा शंभरापासून पुढे धरतात. माझ्या व्हेस्टच्या आत, मानेपाशी, बारीक अक्षरात ‘हे तरंगण्याचं साधन नाही’ असं सरळ लिहिलेलं आहे. बहुतेक इम्पॅक्ट व्हेस्टवर तसं लिहिलेलं असतं, वाचतं कोण! फासळ्यांना बसणारा पाण्याचा फटका पसरवणं हे त्याचं काम, थोडीफार उचल वरकडीची. ५० न्यूटनचा शिक्का असलेलं, काईटसाठीच बेतलेलं व्हेस्टही मिळतं. नवशिक्याने तेच बघावं. दुकानदार ‘दोन्ही एकच आहे’ म्हणाला, तर त्याला लेबल वाचायला सांगा.

दुसरी सूचना मात्र धोक्याची आहे, आणि ती मी स्वतःच्या अंगावर करून बघितली आहे.

काईटसर्फिंगसाठी रामेश्वरमला जायचा माझा दुसरा हिवाळा. शिकवणाऱ्यांना न विचारता मी इथूनच एक जाडजूड बोटीचं जॅकेट नेलं होतं, आईच्या समाधानासाठी. कमरेला हार्नेस, म्हणजे रुंद पट्टा होता, त्याच्या पुढे स्टीलचा हुक, आणि त्या हुकात बारमधून (काईटच्या दोऱ्या बांधलेल्या, हातात धरायच्या दांड्यातून) येणारी रबरी कडी, जिला चिकन लूप म्हणतात. कडीच्या वर एक लाल मूठ असते. ती पुढे ढकलली की कडी सुटते आणि काईट एका दोरीवर लुळा होऊन पाण्यावर पडतो. काईटसर्फिंगमध्ये जीव वाचवणारी पहिली वस्तू ती मूठ आहे, जॅकेट नव्हे. मी जॅकेट हार्नेसच्या वरून घातलं होतं, कारण ते खालून मावतच नव्हतं. एका झुळकीला काईट खाली झेपावला, मी तोंडावर आपटलो आणि फरफटत निघालो. पाण्याच्या जोराने जॅकेट वर सरकलं, थेट कानापर्यंत. हनुवटीखाली फोम, म्हणून मान खाली वळेना, हुक दिसेना. हात चाचपडत कमरेशी गेला तो जॅकेटच्या बकलवर. एकदा, दोनदा बकलच. तिसऱ्यांदा लाल मूठ हाताला लागली. सगळं मिळून सात-आठ सेकंद झाले असतील. जॅकेट उत्तम तरंगत होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

यात आपल्या बडोदेकरांची एक खास अडचण आहे. लहानपणापासून पतंग उडवलेला हात दोर सोडत नाही. संकट आलं की आपण खेच देतो. इथे उलटं आहे, बार सोडला की तो वर सरकतो आणि काईटचा जोर उतरतो. धरून ओढला की जोर वाढतो. फिरकी धरणाऱ्या बहिणीने ‘ढील दे, ढील दे’ म्हणून ओरडावं तशी आतून कोणीतरी आठवण करून द्यावी लागते. आधीच हाताला सोडायची सवय नाही, त्यात सोडायची मूठ फोमखाली दडवून ठेवायची!

जाडीचे बाकीचे तोटे छोटे वाटतील, पण पाण्यात ते पटापट साठतात. बोर्ड सुटून वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहिला की एका कुशीवर होऊन, एक हात पुढे ताणून, शरीराचीच होडीच्या तळाच्या कण्यासारखी धार करून त्याच्याकडे सरकावं लागतं. बुचासारखा वर तरंगणारा माणूस पाणी कापत नाही, वाऱ्याबरोबर खाली वाहत जातो. लाट अंगावर फुटायला आली तर तिच्याखालून बुडी मारता येत नाही. दोऱ्या किंवा काईट डोक्यावर पडला तर त्याच्याखालून निसटता येत नाही. आणि वारा गेला, किनारा लांब राहिला, तर दोऱ्या बारला गुंडाळत काईटपर्यंत जाऊन त्याच्याच फुगलेल्या नळीला धरून यायचं असतं. त्या नळीची उचल कुठल्याही जॅकेटच्या कितीतरी पट. म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं तरंगतं साधन तुम्ही दोरीला बांधूनच आणलेलं असतं. फक्त तिथवर पोहोचण्याइतकी हालचाल अंगात शिल्लक हवी.

मेसेजवाल्याचं एक म्हणणं मात्र खरं आहे, त्याने ते नीट मांडलं नसलं तरी. डोक्याला मार बसून शुद्ध गेली, तर काईटचं व्हेस्ट तुमचं तोंड वर करणार नाही. ५० न्यूटनचंही नाही. तिथे शंभराचं जॅकेट जिंकतं. मी तरी हा धोका जॅकेट बदलून नाही, हेल्मेट घालून आणि एकट्याने न उतरून कमी करतो. कोणाला हे पटलं नाही तर मी भांडणार नाही.

तिसरी सूचना, पडलात तरी काही होत नाही. पाच मीटरवरून नुसतं पडलं तरी पाण्याला टेकताना वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास असतो, दुचाकीवरून पडण्याइतका. व्हेस्ट तो फटका छाती-पाठीवर पसरवतं, बरगडी कदाचित वाचवतं. मान, डोकं, गुडघे व्हेस्टच्या बाहेर आहेत. शिवाय रामेश्वरमला जे उथळ पाणी नवशिक्यांना आवडतं, तिथे पाण्याखाली लगेच जमीन आहे. कमरेएवढ्या पाण्यात उड्या मारणाऱ्याला फोम काय करणार?

चौथी वाचून मी एकटाच हसलो. पाणी लागताच फुगणाऱ्या जॅकेटमध्ये गॅसची एक छोटी नळी असते आणि पाण्याने विरघळणारी गोळी. शिकायच्या पहिल्या सकाळी तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत भिजणार, जॅकेट फुगणार, आणि मग दर पडण्याला नवी नळी, नवी गोळी. होडीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला ती वस्तू छान आहे.

पाचवीबद्दल फार लिहीत नाही. तरणतलावात पन्नास फेऱ्या मारणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. तासभर बार ओढून दमलेले दंड आणि पायात अडकलेली दोरी घेऊन एक फेरी मारून दाखवावी. आणि कृपा करून कोणी ‘रामेश्वरम कशाला, इथे जवळच खंभातचं आखात आहे’ असं सुचवू नका. तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, पाणी नदीसारखं धावतं आणि उतरलं की मागे चिखल. कुठल्याच न्यूटनचं जॅकेट तिथे पुरणार नाही.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या काईटसर्फिंगला निघालेल्या माझ्या भाच्याला. व्हेस्ट घ्यायला जाशील तेव्हा हार्नेस बरोबर ने, नुसतं व्हेस्ट घालून आरशात बघू नकोस. व्हेस्ट आत, हार्नेस बाहेर. कमरेपाशी फोम पातळ असलेलं किंवा तिथे संपणारं बघ, नाहीतर हार्नेस घसरत फासळ्यांवर चढतं. समोरची चेन हुकाच्या मागे दबते का ते बघ. मला बाजूची चेन बरी वाटते. खाली एक छोटा पट्टा असेल तर तो हार्नेसला अडकव, व्हेस्ट वर सरकत नाही. मग कोणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून व्हेस्ट वर ओढायला सांग. हनुवटीला लागलं तर एक माप लहान. शेवटी डोळे मिटून लाल मुठीपर्यंत हात ने, उजवा आणि मग डावा, दहा वेळा. हे सगळं जमलं की तेच व्हेस्ट आणि तेच हार्नेस घालून एकदा तलावात उतर. तिथलं पाणी गोडं. समुद्रात सत्तर किलोच्या माणसाला पावणेदोन किलो उचल जास्तच मिळते, त्यामुळे इथे तरंगलास तर तिथेही तरंगशील. फक्त इथे लाटा नाहीत, हे विसरू नकोस.

जुनं कोणाचं घेतलंस तर अंगठ्याने फोम दाब. खळगा तसाच राहिला तर ते मेलं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेलं व्हेस्ट तर फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. माझं आधीचं तसंच गेलं. पिंप अजून गच्चीवरच आहे, डंबेलंही. रविवारी दुपारी ये, पण माझ्या आईला विचारून, कारण परवा तिला त्या पाण्यात रबराचा वास आला.