बारा-ए आणि इतर नमुने

तुमच्या ईमेलमध्ये एव्हाना एक पत्र येऊन पडलं असेल. विषय: 'शासकीय अर्थसाहाय्यित संशोधन प्रकल्पांच्या प्रगती अहवालाचा एकसमान नमुना, अभिप्राय मागविण्याबाबत'. अभिप्रायाची शेवटची तारीख परवाची आहे, म्हणजे होऊन गेलेली परवाची. घाबरू नका, सरकारी परवा ऐसपैस असतो. अभिप्राय पाठवाच आणि विरोधात पाठवा. का आणि कसा, ते सांगायला मी बसलोय. बावीस वर्षं नागपुरात प्रकल्प केलेत, राजेहो. केस त्यातच पिकले, बागेत उभं राहून नाही.

आधी माझी परिस्थिती ऐका. सध्या हाताशी तीन प्रकल्प आहेत. तिन्हींचा विषय मागेपुढे एकच: काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत माती ओल किती धरते आणि पाणी कधी सोडावं. अनुदान देणारी खाती मात्र तीन. पहिल्याला दर सहा महिन्यांनी अहवाल लागतो, दुसऱ्याला जानेवारी ते डिसेंबर असा वर्षाचा, तिसऱ्याला पोर्टलवर 'टप्पा' गाठला की. झाड बिचारं यातलं एकही वर्ष पाळत नाही. त्याचं वर्ष अंबिया आणि मृग या दोन बहारांचं. पहिल्या खात्याला उद्दिष्टनिहाय प्रगती पाचशे शब्दांत हवी. दुसऱ्याला हजार अक्षरांत, मोकळ्या जागा धरून. तिसऱ्याने एक्सेलची फाइल दिली आहे. तिच्यातले रकाने कुणीतरी असे एकमेकांत मर्ज करून ठेवलेत की इकडे आकडा टाकला की तिकडचा उडतो.

आमची एक जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलो आहे, हुशार पोरगी. पहिल्या अहवालात ती 'मनुष्यबळ' या हेडखाली खर्च आहे. दुसऱ्यात 'प्रशिक्षित मनुष्यबळ' म्हणून प्रकल्पाचं फलित आहे. तिसऱ्यात 'लाभार्थी (महिला)'. खर्च, फलित आणि लाभार्थी असे तीन अवतार एका देहात. उद्या एकच नमुना आला तर तिला यातलं नेमकं एकच काहीतरी व्हावं लागेल. फेलोशिप कागदावर महिना ३७ हजार आहे (१ जानेवारी २०२३ च्या आधी ३१ हजार होती), ती चार महिने आलेली नाही. त्यामुळे 'खर्च' तर ती सध्या नाहीच. मग 'लाभार्थी' तरी कसली, असं तिनेच मला विचारलं. मी म्हटलं, अहवाल भर.

तर विरोधाचा पहिला मुद्दा: विविधता. हे शब्द जसेच्या तसे उतरवा, अभिप्राय वाचणाऱ्या समितीला आवडतात. 'संशोधनाचं स्वरूप क्षेत्रागणिक भिन्न असल्याने एकसमान साचा अन्यायकारक ठरेल.' याला पुरावा नागपूरसारखा दुसरीकडे मिळणार नाही. अमरावती रोडने वाडीकडे निघा. विद्यापीठाचा कॅम्पस लागतो, तो राज्य सरकारच्या अखत्यारीतला. तिथून जवळच मृदा सर्वेक्षणवाले आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था, ते कृषी संशोधन परिषदेचे. वाडीत ॲल्युमिनियमचं केंद्र, ते खाण मंत्रालयाचं. तिकडे वर्धा रोडच्या बाजूला पर्यावरणवाली नीरी, ती सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची. व्हीएनआयटी शिक्षण मंत्रालयाची, एम्स आरोग्याची. एका टाकी पेट्रोलमध्ये अर्धं केंद्रीय मंत्रिमंडळ फिरून होतं. इतक्या जणांना एकाच कागदावर आणायचं म्हणजे चेष्टा आहे का?

समितीतला एखादा आगाऊ सदस्य इथे विचारेल, 'मग पैशाचा हिशोब सगळे एकाच कागदावर कसे देतात?' या प्रश्नाला तयार राहा, कारण तो रास्त आहे. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७, त्यातला नमुना १२-ए. उपयोगिता प्रमाणपत्र, आपल्या भाषेत यूसी. ॲल्युमिनियम असो की संत्रं, केंद्राकडून अनुदान घेणाऱ्या संस्थेचा कागद हाच. आरंभीची शिल्लक, मिळालेलं अनुदान, त्यावरचं व्याज, खर्च, उरलेली रक्कम. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचा. त्यात तीन रुपयांचा फरक निघाला तरी दिल्लीहून फोन येतो. क्षेत्रागणिक भिन्न स्वरूप वगैरे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

कारण साधं आहे. बारा-ए कुणीतरी वाचतं. प्रगती अहवाल वाचायचाच नसेल, तर तो पाचशे शब्दांत असला काय आणि मर्ज केलेल्या रकान्यांत असला काय! मी एकदा एका अहवालात चुकून मागच्या वर्षीचं पान सात जोडलं होतं. शेरा आला: 'प्रगती समाधानकारक.' दुसऱ्या वर्षी बरोबर पान जोडलं. शेरा: 'प्रगती समाधानकारक.' हे समितीसमोर बोलू नका, तुमच्या माहितीसाठी सांगितलं.

दुसरा मुद्दा: रोजगार. बर्डीच्या गल्लीत माझा ठरलेला झेरॉक्सवाला आहे. मार्चअखेर त्याच्याकडे जाऊन पाहा. बाहेर ऊन चाळिशीकडे निघालेलं, आत कूलर अजून माळ्यावरच, आणि काउंटरवर माझ्यासारखे चार जण फायली धरून उभे. तो तोंड न वर करता विचारतो, "सर, स्पायरल का टेप?" पहिल्या खात्याला स्पायरल चालत नाही, दुसऱ्याला टेप. तिसऱ्याचं सगळं ऑनलाइन असतं. त्याच्या तीन प्रती टपालानेही लागतात. मग सह्या. निळ्या शाईत, कारण काळ्या शाईतली सही झेरॉक्स वाटते. सीएचं प्रमाणपत्र, त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक. मग शिक्का. आमच्या कार्यालयात गोल शिक्का संस्थेचा आणि चौकोनी माझ्या पदनामाचा. कुठे कोणता मारायचा यावरून मी दोन अहवाल परत आलेले पाहिलेत. झेरॉक्सवाल्याला ते आता पाठ आहे. "याला गोल लागते जी, मागच्या खेपेला तुमचाच वापस आला होता." माझ्या प्रकल्पाची इतकी आठवण ठेवणारा माणूस देशात दुसरा नाही. त्याच्या पोटावर पाय देणार का तुम्ही?

पैशाच्या वेळापत्रकाबद्दलही कुणीतरी गळा काढेल. त्याला गप्प करायला संत्र्याचं झाड वापरा. बहार धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो. अंबियासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, मृगासाठी उन्हाळ्यात. पानं पिवळी पडतात, गळतात. नवख्याला वाटतं, गेलं झाड. मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं. दिल्लीने ही पद्धत आपल्याकडूनच उचललेली दिसते. वर्षभर ताण द्यायचा, फेब्रुवारीत हप्ता सोडायचा, आणि ३१ मार्चला जे उरेल ते परत. पीआय, म्हणजे प्रकल्पप्रमुखसुद्धा त्या सहा आठवड्यांत असा काही फुलतो की विचारू नका. प्रिंटर, कार्ट्रिज, खुर्च्या! ताण फार लांबला की झाड वाळतं, एवढी बारीक गोष्ट त्यांनी बहुधा नोंदवून घेतलेली नाही.

आता खरा धोका. समितीच्या टिपणात अमेरिकेचा दाखला असणारच, तेव्हा तो आधीच वाचून जा. २०१० साली तिथल्या व्हाइट हाउसच्या विज्ञान कार्यालयाने आणि अर्थसंकल्प कार्यालयाने मिळून सगळ्या केंद्रीय संशोधन अनुदानांसाठी प्रगती अहवालाचा एकच साचा ठरवला. आरपीपीआर त्याचं नाव. सक्तीचा भाग एकच: काय साध्य झालं. बाकीचे भाग, म्हणजे निष्पत्ती, सहभागी माणसं, परिणाम, बदल आणि अडचणी, खर्च वगैरे, ज्या खात्याला हवे त्याने मागावेत. स्वतःच्या मर्जीने नवीन रकाना मात्र जोडत सुटायचं नाही.

यातून कारकुनी संपली म्हणाल तर तसंही नाही. तिथल्या प्राध्यापकांची मोजणी झालीये. केंद्राच्या पैशावरच्या संशोधनाला दिलेल्या वेळातला किती वेळ कागदपत्रांत जातो? २००५ मध्ये ४२ टक्के, २०१२ मध्ये ४२ टक्के, २०१८ मध्ये ४४. म्हणजे एकसमान नमुना आला तरी आपल्या झेरॉक्सवाल्याचं दुकान बंद पडणार नाही. (त्या ४४ टक्क्यांत प्रगती अहवालाखेरीज इतर बरीच कामं आहेत. पण समितीत आकडा फेकताना कंस वाचून दाखवायचा नसतो.)

धोका आहे तो त्या साच्यातल्या एका छोट्या सूचनेत. एखाद्या भागात लिहिण्याजोगं काही घडलं नसेल, तर तिथे सरळ लिहावं: 'सांगण्यासारखं काही नाही.'

पुन्हा वाचा. सांगण्यासारखं काही नाही! हे सरकारी कागदावर लिहायला परवानगी! आणि वर 'बदल आणि अडचणी' असा वेगळा भाग. म्हणजे अडचण आली हे तुम्ही कबूल करायचं, आणि दुसऱ्या खात्यातला माणूस त्याच जागी त्याच क्रमांकाखाली दुसऱ्याची अडचण वाचून दोन्ही शेजारी ठेवू शकणार. माझे तीन अहवाल कुणी असे शेजारी ठेवले तर काय होईल याचा विचार करून मला गेल्या आठवड्यात धड झोप नाही.

आपली परंपरा बघा. गेल्या पावसाळ्यात आमच्या बारा सेन्सरपैकी सात गेले. रानडुकरांनी बांधाकडची वायर उकरली, उरलेली उंदरांनी कुरतडली. अहवालात मी लिहिलं: 'प्रत्यक्ष क्षेत्रीय परिस्थितीत संवेदकांच्या टिकाऊपणाचे मूल्यमापन करण्यात आले.' दुसऱ्या खात्याला: 'वन्यजीव-कृषी परस्परसंबंधांबाबत प्राथमिक निरीक्षणे प्राप्त.' तिसऱ्याच्या पोर्टलवर ड्रॉपडाउन होता, त्यात 'पूर्ण', 'प्रगतिपथावर' आणि 'प्रगतिपथावर (समाधानकारक)' एवढेच पर्याय होते. डुकरांना मी तिसऱ्यात टाकलं. तुमचा तो एकसमान नमुना आला असता, तर मला लिहावं लागलं असतं: डुकरं आली. ही काय भाषा झाली विज्ञानाची?

आणखी एक सावधगिरी. 'एक खिडकी', 'एक छत्र' असे शब्द ऐकले की मान डोलवा, घाई करू नका. २००८ च्या कायद्याने सर्ब, म्हणजे विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाला पैसा देणारं मंडळ आलं, २०२३ च्या कायद्याने ते नव्या प्रतिष्ठानात विलीन झालं. त्याचं नाव अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. अनुसंधान म्हणजेही रिसर्च. नावातच काम दोनदा सांगून ठेवलंय, मग अहवाल एकदाच मागतील या भ्रमात कशाला राहायचं?

अभिप्राय लिहून झाला की एकदा शेतावर जाऊन या. मीही जातो, प्रवासाच्या हेडमध्ये पैसे असले तर. आमचा काटोलकडचा बागवाला शेतकरी आहे. त्याच्या घरात कृषी सेवा केंद्राचं फुकट मिळालेलं कॅलेंडर लटकतं. तो रोज त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहितो. 'पाणी तोडलं.' 'फूल.' 'गळ लय.' कितीतरी चौकोनांत नुसतं 'काई नाई.' चार वर्षांची कॅलेंडरं एकाच खिळ्याला आहेत. आमचे सेन्सर बंद पडले त्या महिन्यांची माहिती आम्हाला तिथूनच मिळाली. मी फोटो काढून अहवालाला परिशिष्ट सात म्हणून जोडले. उत्तर आलं, आश्चर्य म्हणजे तीन आठवड्यांत: 'परिशिष्ट ७ साक्षांकित नाही.'

तेव्हा पुढच्या खेपेला मी शिक्का आणि पॅड पिशवीत टाकूनच गेलो. कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून बाजेवर ठेवलं, गोल शिक्क्याला शाई लावली आणि कोरी जागा शोधत हात वर धरला. म्हातारा चहा घेऊन आला, क्षणभर पाहत राहिला, मग म्हणाला, "सर, त्या तारखेवर नोका मारू जी. त्या दिवशी पाणी सोडाचं लिवलं हाये."